कोरा पेला

उस्मान होडेकरच्या ओठाला जन्मात दारू लागली नव्हती, आणि घरात मात्र दारूच्या पेल्यांनी भरलेलं काचेचं कपाट होतं. जयगडच्या बाजूचा हा माणूस ओमानमध्ये सोहारच्या बंदराजवळ एका कारखान्यात क्रेनचा फोरमन होता. कपाट बघून येणारेजाणारे भुवया उंचावत. त्याचं कारण होता इशिदा.

इशिदा जपानी इंजिनिअर. कारखान्यात भट्टी बसवायला आला होता. त्याच्या टेबलावर बिनकानाचा एक छोटा, ओबडधोबड मातीचा पेला होता. उस्मानला वाटलं, ओमानी लोकांचा कहव्याचा फिंजान असणार, दुसरं काय! त्याने आपल्या थर्मासमधला वेलचीचा कहवा त्यात बिनदिक्कत ओतला. इशिदाने आधी पेल्याकडे पाहिलं, मग उस्मानकडे, आणि इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. तो साकेचा पेला होता, तांदळाच्या दारूचा. उस्मान ओशाळला, पण इशिदाने कहवा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. दोस्ती तिथून जुळली.

आणि उस्मान त्या पेल्यांच्या नादाला लागला. हाताने घडवलेला एक पेला दुसऱ्यासारखा नसे. एकावर कुंभाराचा अंगठा दाबलेला, एकावर वरचा काचेरी मुलामा ओघळून मध्येच थबकलेला. इशिदा सुट्टीवरून येताना लाकडी डबीत घालून एखादा घेऊन यायचा. सफूराची, म्हणजे उस्मानच्या बायकोची, अट एवढीच होती. "आणायचा तर कोरा आणा. कुनाच्या दारूचा उष्टा नको."

शुक्रवारी संध्याकाळी इशिदा घरी यायचा. तिथली रीत अशी की पाहुणा हातातला पेला जरासा हलवत नाही, तोवर यजमानाने कहवा ओतत राहायचं. इशिदाला रीत ठाऊक होती, पण तो पेला हलवतच नसे. म्हणायचा, "हलवला की उठावं लागतं." मग थर्मास रिकामा होई आणि सफूरा हसत दुसरा भरून आणी.

दोन हजार चौदामध्ये त्याचं काम संपलं. जाताना त्याने टेबलावरचा तो पहिला पेला उस्मानच्या हातात ठेवला. तो त्याच्या वडिलांचा होता. मुलाम्याला केसासारख्या बारीक भेगा होत्या, आणि वर्षानुवर्षं त्यांत साके मुरून पांढऱ्या पेल्याला गुलाबीसर तपकिरी रंग चढला होता. "हा रंग म्हणजे माझे बाबा," इशिदा म्हणाला. "साध्या पाण्याने धू, आणि रोज कहवा पी. तुझाही रंग चढू दे. येईन तेव्हा बघू."

सफूराने काही खळखळ केली नाही. "तीन पान्यानी धुवा, पाक झाला. भांड्याचा काय गुना?" तिने स्वतः तो धुतला. वर्षभर उस्मान त्यातूनच कहवा प्यायला.

मग एकदा मस्कतजवळच्या सीबहून कासमभाई आले. जमातीतले वजनदार गृहस्थ, आणि अल्फियासाठी, उस्मानच्या लेकीसाठी, स्थळ सुचवणारे. पेला उचलून म्हणाले, "काय रे उस्मान, हा डाग दारूचाच ना?" आणि खो खो हसले. हसण्यावारी नेलं असतं तर विषय खलास. पण उस्मानच्या डोक्यात किडा शिरला. लोक काय म्हणतील, पोरीचं कसं होईल! सफूरा सांगत होती, "पाक आहे तो, उगा डोस्का फिरवू नका." पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ती बाजारात गेलेली असताना त्याने पेला कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवला.

बाहेर काढला तेव्हा तो पांढराफटक होता. इस्पितळातल्या भांड्यासारखा.

पुढे कितीतरी महिने उस्मान त्यात कडक कहवा ओतून ठेवत राहिला, चहा ओतून पाहिला, केशरही घातलं. चढला तो एक फिकट पिवळा डाग, तोही धुतला की जाई. बूँद से गयी वो हौद से नहीं आती, म्हणतात ते उगाच नाही. आणि कासमभाई? ते पुन्हा आले, त्याच पेल्याला "काय छान आहे रे" म्हणाले. आपण काय बोललो होतो ते विसरूनही गेले होते.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात इशिदा भट्टीच्या दुरुस्तीला चार दिवस आला आणि शुक्रवारी दारात उभा राहिला. केस पिकले होते, हसणं तेच होतं. उस्मानला आदल्या रात्रभर झोप नव्हती. फुटला म्हणून सांगावं की गावी नेऊन ठेवलाय म्हणावं? शेवटी त्याने तोच पेला पुढे ठेवला.

इशिदाने तो हातात फिरवून पाहिला. "कोरा दिसतोय," तो आनंदाने म्हणाला. "नवीन घेतलास? बाबांचा कुठे आहे?"

आत सफूराच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"हाच तो," उस्मान म्हणाला. "मी ब्लीचने धुतला. लोकांना भिऊन." आणखी खूप बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण त्याने थर्मासच जवळ ओढला.

इशिदाने पेल्याच्या आतून अंगठा फिरवला, जणू भेगांत काही उरलंय का ते चाचपून पाहत होता. मग त्याने पेला पुढे केला. उस्मानने कहवा ओतला. इशिदा सावकाश प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत, अगदी पहिल्या दिवशीसारखा. उस्मानला जरा धीर आला. त्याने पुन्हा थर्मास उचलला.

इशिदाने पेला हलवला.