घासून पुसून नेलेला सेन्सर

माझ्यासारख्या शाळामास्तराला मोटार कशाला हवी होती, हे मला अजून धड सांगता येत नाही. हौस, दुसरं काय! जव्हारला घर बांधलं, गावाकडून, पोशेऱ्याहून, बाला म्हणजे वडिलांना आणून आमच्याजवळ ठेवलं आणि ठाण्याच्या एका वकिलाने सात-आठ वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. तेव्हा आमच्याकडचं सगळं जग डिझेलच्या जीपवर चालायचं. जीप बिघडली तर पाना, हातोडी आणि दोन शिव्या एवढ्यावर काम भागायचं. माझ्या गाडीत सेन्सर होते.

गाडी सकाळी झकास सुरू व्हायची. अर्ध्या तासाने इंजिन तापलं की अवसान गळाल्यासारखी बंद पडायची, आणि गार झाली की पुन्हा चालू. मेकॅनिकने इंजिनाच्या बुडाशी असलेल्या बोटभर काळ्या तुकड्यावर तांब्याभर पाणी ओतलं, किल्ली फिरवली, आणि गाडी लागलीच सुरू झाली. "गुरुजी, हा सेन्सर गेला. इंजिन फिरतंय हे हाच गाडीला सांगतो. तापला की याची वाचा बसते." जव्हारला तो मिळणार नव्हता. नाशिकला जावं लागणार होतं.

एरवी मी महिनाभर चालढकल केली असती. पण त्याच आठवड्यात दाभोशाहून निरोप आला की आत्या फार आजारी आहे, पाय सुजलेत, दम लागतो. आत्या म्हणजे बाची एकुलती एक बहीण. आईबाप लहानपणी गेले, तेव्हा तिनेच बाला पाठीवर घेऊन वाढवलेलं. नाचणीची अर्धी भाकर असली तर तीही त्यालाच द्यायची. बा म्हणाला, "मला तिच्याकडं ने." पण बाचं खुब्याचं हाड मोडलेलं, पाय दुमडत नव्हता. भरल्या जीपमध्ये तो बसणार कसा? मी म्हटलं, अख्खी जीप ठरवू. तर म्हातारा भडकला.

"पोराची गाडी दारात हाय नि भाड्याच्या जीपनं जाऊ? बघू दे ना तिला, भाऊ कशात बसून आला ते!"

खरं सांगतो, मलाही ते आवडलं. दाभोशाला जाणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप धाडला, गुरुवारी बा गाडी घेऊन येतोय. सोमवार होता तो. मध्ये तीन दिवस, सेन्सर आणायला पुष्कळ झाले.

मेकॅनिकने जुना सेन्सर काढून हातात दिला. आमच्याकडे वस्तू आणायला जाताना नमुना न्यायचाच, त्याशिवाय दुकानदार दाद देत नाही. तो तुकडा तेलाने, मातीने नुसता बरबटलेला. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला लाज वाटली. आई आम्हाला बाजाराला नेताना ओढ्यावर थांबवून पाय घासायला लावायची. म्हणायची, शहरातली माणसं आधी पायाकडं बघतात. ती जाऊन किती वर्षं झाली, पण पाय घासायची खोड काही गेली नाही. नाशिकच्या चकाचक दुकानात हा असला गाळ काउंटरवर ठेवायचा, म्हणजे 'आले जंगलातून' असंच म्हणतील की! मी मोरीवर बसलो, रॉकेल घेतलं, चुलीतली राख घेतली आणि नारळाच्या किशीने तो सेन्सर लख्ख घासला. बायको म्हणाली, "अहो, देवाला ठेवायचाय का?" मी हसलो. स्वच्छ रुमालात बांधून घेतला.

नाशिकच्या दुकानदाराने तो उलटासुलटा केला, उजेडात धरला, नखाने चाचपला.

"सर, नंबर कुठाय?"

"कसला नंबर?"

"इथे छापलेला असतो, बारीक. पुसलाय कोणी तरी." मग त्याने तीन सेन्सर पुढ्यात ठेवले. भोक तेच, वायरीचं तोंड तेच. फरक म्हणे दोन-चार मिलिमीटरचा. "नंबर असता तर डोळे झाकून दिला असता."

हात दाखवून अवलक्षण! कोणी पुसला, ते मी त्याला सांगितलं नाही. गाडीच्या सालावरून त्याने एक दिला. बुधवारी तो बसवला, तर गाडी हूं की चूं करेना. वकिलाने की आणखी कोणी मध्येच इंजिन बदललेलं, तेव्हा सालाचा हिशेब कुठला लागायला! गुरुवारी, ज्या दिवशी दाभोशाला जायचं त्या दिवशी, मी पुन्हा नाशिकच्या एसटीत होतो. दुकानदार म्हणाला, दोन्ही ठेवून जा, मुंबईला दाखवून बरोबर तो मागवतो, चार दिवस लागतील. मी ठेवून आलो. मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "अहो, जुना तरी आणायचा! पाणी ओतत ओतत पोचला असता की दाभोशाला!"

एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. आणि तेव्हाही जीप ठरवता आली असती, बाला दरडावून आत घालता आलं असतं. मी म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय. लांबणीवर पडल्याचा निरोप धाडायचंही राहून गेलं. बा रोज सकाळी कपडे करून ओट्यावर बसायचा.

आत्या रविवारी गेली. निरोप पोचला तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. सोमवारी सेन्सर आला. मेकॅनिकने बसवला, आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मला तिचा इतका राग आला की बॉनेटवर बुक्की मारली.

आत्याच्या दिवसकार्याला बाला मागच्या सीटवर आडवा घालून दाभोशाला नेलं. रस्त्यात गाडी एकदाही थांबली नाही. आत्याच्या दारात उतरलो, तर तिची सून, आमची वहिनी, ओट्याखाली आली, बाच्या पाया पडली आणि रडायला लागली.

"मामा, का नाय आले ओ? शुक्रवारी आम्ही जीप आणलेली, तिला दवाखान्यात न्यायला. उचलाया गेलो तर खाटेला धरून बसली. म्हणे, भाऊ गाडी घेऊन येतोय, त्याच्याच गाडीनं जाईन. उठलीच नाय. दोन दिवस दाराकडं तोंड करून व्हती."

 काय सांगणार होतो मी वहिनीला? सेन्सर? नंबर? राख? तरी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं, पण बा माझ्या आधी बोलला.

"माझाच पाय ठणकत व्हता, बाय. पोरगा चल म्हणत व्हता. मीच म्हटलं, राहू दे, मंग जाऊ."

वहिनी रडायची थांबली. तिने बाकडे बघितलं, आणि तसं जळजळीत बघणं त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला कधी आलं नसेल. ती घरात निघून गेली. पाण्याचा तांब्या घेऊन दुसरीच बाई बाहेर आली.

'तसं नाही' एवढे दोनच शब्द बोलायचे होते मला. पुढे बा गेला, त्या दिवशीही वहिनी आली नाही. मी तिला अजून सांगितलेलं नाही.