सहा नंबर डाव्या खिशात

आभाळात बदकं दिसली की आबांचा हात खिशात जायचा. तुमचा-आमचा हात अशा वेळी दुर्बिणीकडे जातो, कॅमेऱ्याकडे जातो, नाहीतर आपण बोट वर करून "ते बघा, ते बघा" करत सुटतो. आबांचा हात मात्र खाकी जाकिटाच्या खिशात. कधी डाव्या, कधी उजव्या. दोन बोटं आत जायची, काहीतरी चिमटीत धरल्यासारखी बाहेर यायची आणि चिमटीत काहीच नसायचं. डाव्या खिशात तंबाखूची पुडी असायची, उजव्यात बीपीच्या गोळ्या. त्यांना बोटं शिवायचीसुद्धा नाहीत.

"सहा नंबर," आबा म्हणायचे. थवा अजून ठिपक्यांएवढा असायचा. मग तो जवळ यायचा आणि आम्ही दहा-बारा जण दुर्बिणी लावून, पुस्तक चाळून, आपसात वाद घालून ठरवायचो की हे चक्रांग आहेत, म्हणजे लहान बदक. आबा तोवर खाली बसून चपलेतला काटा काढत असायचे.

हे मी कौतुकानं सांगतोय असं वाटत असेल तर तसं काही नाही. मी जळायचो. अगदी पोटात दुखेपर्यंत जळायचो.

कारण तो ग्रुप माझा होता. मी मूळचा परभणीचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पुनावळ्यात फ्लॅट घेतला तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून पक्षी बघायला लागलो आणि हळूहळू माणसं जमवली. वाकडचा आयटीवाला निखिल, संत तुकाराम नगरच्या बँकेतून निवृत्त झालेल्या कांबळे मॅडम, असे सगळे दर रविवारी सकाळी नदीच्या बंधाऱ्यावर यायचे. मला 'सर' म्हणायचे. कंपनीत मला कुणी सर म्हणत नाही हो. तिथं कस्टमरची माणसं येऊन माझ्यावर ओरडतात आणि मी मान हलवतो. रविवारचं ते 'सर' मला पुढच्या शनिवारपर्यंत पुरायचं.

आबा आमच्यात आले ते असेच. थंडीतल्या एका रविवारी बंधाऱ्याच्या कठड्यावर एक म्हातारा बसलेला दिसला. त्यांच्या मागं उंच टॉवर. ती जमीन त्यांचीच होती आणि आता त्याच टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर ते मुलाकडे राहत होते.

"हितं आमची काकडी व्हायची," ते म्हणाले. "आता मान्सं झाल्यात. पानी तेवढंच लागतंय."

कांबळे मॅडम खळखळून हसल्या. झालं! तिसऱ्या रविवारपासून थवा दिसला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या त्या आबांकडे वळायला लागल्या. "आबा, कोणती?" आबा म्हणायचे, "चार नंबर." म्हणजे मोठं बदक, हळदीकुंकू किंवा चक्रवाक. कधी चुकले नाहीत. एकदासुद्धा! नंबर म्हणजे काय असं निखिलनं विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या वडलांची मोजनी हाय ती." त्यावर सगळे खूश. आणि मला? "सर, तुम्ही लिहून घ्या हं." मी माझ्याच ग्रुपचा कारकून झालो.

मी काय कमी प्रयत्न केले? एकदा आठवडाभर जेवताना पुस्तक समोर ठेवून बदकांचे पंख पाठ केले. रविवारी लांबवर काळी रांग दिसली. आबांचा हात खिशाकडे जायच्या आत मी ओरडलो, "थापट्या! थापट्या बदकं!"

ते पाणकावळे निघाले.

"लांबून तसंच वाटतंय सायेब," आबा हळूच म्हणाले. "मलाबी सुरवातीला वाटायचं." हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांभाळून घेतलं, तेच माझ्या नाकाला जास्त झोंबलं.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. म्हातारा हे करतो कसं, ते एकदा काढून घ्यावं म्हणून गेलो, उगाच खोटं कशाला बोलू. सुनेनं चहा दिला. आबा गॅलरीत बसले होते. खाली नदी, बंधारा, आमची रविवारची जागा, सगळं तळहातावर असल्यासारखं दिसत होतं.

"पयली बदकं डोक्यावरनं जायची," ते म्हणाले. "आता पायाखालनं जात्यात. लई इचित्र वाटतं बगा."

मी सरळ विचारलं, "आबा, नंबर म्हणजे काय?"

ते उठले. मग आत जाऊन पितळेची एक जाड कडी घेऊन आले. अंगठीपेक्षा मोठी, बांगडीपेक्षा लहान. माझ्या हातात ठेवली.

"काडतुसाची हाय," ते म्हणाले. "वडलांची दोननळी बंदूक व्हती. परवान्याची. डुकरं पीक खायची म्हनून. थंडीत बदकं यायची, तवा नदीवर जायचो. काडतुसं जाड कागदाची, नदीच्या दमटपनानं फुगायची. फुगलेलं नळीत अडकतं. म्हनून आदल्या दिवशी ओटीवर बसून एकेक काडतूस हिच्यातनं घालून बगायचं. गेलं तर खिशात, अडकलं तर उन्हात."

मला हसूच आलं. अहो, मी दिवसभर कंपनीत हेच करतो! पिन मापाच्या कडीतून, म्हणजे गेजमधून, गेली तर पास, अडकली तर बाजूला. माझ्या गेजला दरवर्षी सर्टिफिकेट लागतं. आबांच्या कडीला काहीच लागत नव्हतं. तिथंही मला हेवा वाटला, बघा.

मग त्यांनी नंबर सांगितले. चार नंबरात मोठे छर्रे, पण मोजके. ते दांडग्या बदकाला. लहान बदक त्यांच्या मधूनच निसटतं, म्हणून त्याला सहा नंबर, बारीक आणि पुष्कळ. थवा लांब असतानाच ओळखायचं, तेवढ्यात निवडायचं आणि मग नळीत भरायचं. "वडील म्हनायचे, आदी बग, मग भर."

"आणि त्याहून बारीक?"

"आठ नंबर. त्यो लाव्यांना, तसल्या बारक्या पाखरांना. बदकाला आठ नंबर कदी लावायचा न्हाई." त्यांचा आवाज बदलला. "मी इशीत व्हतो. एकाच खिशात समदी काडतुसं कोंबल्याली. घाईत आठ नंबर हाताला आला. बदक पडलं न्हाई. छर्रे पिसांत बसले, आन् ते तसंच गेलं उडत, वाकडं वाकडं. वडलांनी मला दिसभर लव्हाळ्यात हिंडवलं, छातीएवढ्या पान्यात. घावलं न्हाई. कुटंतरी चार दिस मरत पडलं आसंल. वडील म्हनाले, मारायचं तर नीट मारावं, न्हाईतर घरी बसावं. तवापासनं सहा नंबर डाव्या खिशात, चार नंबर उजव्या. आठ नंबर घरात. तिसरा खिसा शिवलाच न्हाई."

पुढं शिकारबंदीचा कायदा आला. वडिलांनी बंदूक चौकीत जमा केली आणि त्यानंतर आबांनी पाखराला खडासुद्धा मारला नव्हता. "आता नुसतं बगतो. हात ऐकत न्हाई, त्याला काय करू?" मी निघताना ते दारापर्यंत आले. "मॅडमना सांगू नका. जीव हळवा हाय त्यांचा. तुमाला म्हनून सांगितलं, सायेब."

मी म्हणालो, "छे छे आबा, कुणाला सांगतोय!"

त्याच आठवड्यात कांबळे मॅडमनी ग्रुपवर लिहिलं की आबांना आपल्या ग्रुपचे मार्गदर्शक करू या. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. मॅडमनी ग्रुपचा फोटोही बदलला. आधी तिथं मी काढलेला खंड्या होता, तीन महिने खपून काढलेला. आता तिथं मॅडमनी टिपलेले आबा होते, खिशात हात घालून आभाळाकडे बघणारे.

मी तेव्हा कंपनीच्या कँटीनमध्ये होतो. चहा निवत होता. मी लिहिलं, 'आबांचे नंबर काय आहेत ते कळलं. बंदुकीच्या काडतुसांचे आहेत. आबा बदकांची शिकार करायचे. आपण पक्षी वाचवणारी माणसं. काय ते ग्रुपनं ठरवावं.'

यातला एक शब्द खोटा नव्हता. परवाना लिहिला नाही, कायदा नंतर आला ते लिहिलं नाही, लव्हाळ्यातला तो दिवस लिहिला नाही. अर्धं माप लिहून रिपोर्ट देणाऱ्याला मी कंपनीत उभं करून झापतो.

"सर, खरंच?" मॅडमनी विचारलं. मी अंगठा पाठवला. संध्याकाळपर्यंत आबांचा फोटो गेला आणि माझा खंड्या परत आला.

रविवारी आबा नेहमीसारखे आले. कुणी "या आबा" म्हणालं नाही. कांबळे मॅडम कठड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. निखिलनं विचारलं, "आबा, किती मारली हो?" आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मॅडमच्या पाठीकडे आणि मग माझ्याकडे. "मोजली न्हाईत," ते म्हणाले आणि माघारी वळले. माझ्याजवळून जाताना जरा थांबले. रागानं नाही हो, चूक दाखवावी तसं म्हणाले, "आठ नंबर लावलात, सायेब."

पुन्हा ते बंधाऱ्यावर आले नाहीत.

मला माझं 'सर' परत मिळालं. दोन आठवडे मी ऐटीत फिरलो. तिसऱ्या रविवारी लांबवर थवा दिसला आणि सगळे माझ्याकडे वळले. "सर, कोणती?"

दुर्बीण डोळ्याला लावली खरी, पण ठिपक्यांचं काही कळेना. वेळ काढायला म्हणून दुर्बीण इकडेतिकडे फिरवली आणि ती टॉवरवर गेली. चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत खाकी जाकीट उभं होतं. आबांनी आभाळाकडे पाहिलं. हात डाव्या खिशात गेला.

"चक्रांग," मी म्हणालो.

चक्रांगच होते. निखिलनं माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, मानलं राव! एवढ्या लांबून!"

उरलेला सगळा हिवाळा मी असा काढला. थवा दिसला की आधी चौदावा मजला बघायचा. डावा खिसा, चक्रांग. उजवा खिसा, हळदीकुंकू. ग्रुपमध्ये माझी कीर्ती झाली. आणि तरीही मी जळतच होतो, कारण बंधाऱ्यावर माझ्यासाठी टाळ्या वाजायच्या तेव्हा त्या कुणाच्या आहेत हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

हिवाळा संपता संपता एकदा काय झालं, थवा आला आणि आबांचा हात खिशात गेला नाही. आधी तो सरळ वर गेला, डोक्याच्याही वर. तिथं थांबला. मग लहान मुलाला घास दाखवावा तसा सावकाश खाली आला आणि उजव्या खिशात शिरला. त्यांना कळलं होतं. केव्हापासून कुणास ठाऊक! मला नीट दिसावं म्हणून ते हात उंच करत होते.

तेव्हा वर जायला हवं होतं. लिफ्टनं एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी गेलो नाही. ते माफ करतील याची मला खात्री होती, आणि त्यातही ते माझ्यापेक्षा मोठे ठरले असते. तेवढंसुद्धा मला बघवलं नसतं.

यंदा दिवाळीनंतर टॉवरच्या गेटवर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो कांबळे मॅडमनी काढलेलाच होता, छातीपर्यंत कापलेला. त्यामुळे हात कुठल्या खिशात आहे ते दिसत नव्हतं.

पुढच्या रविवारी थंडीतला पहिला थवा आला. "सर, कोणती?" सवयीनं माझी दुर्बीण वर गेली. गॅलरीत दोरीवर खाकी जाकीट वाळत होतं. सुनेनं धुऊन घातलं असणार. दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढलेले होते.

थवा आमच्या डोक्यावरून निघून गेला.

"सर?" कांबळे मॅडम म्हणाल्या.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला कधीच माहीत नव्हतं, मॅडम." आणि परवाना, कडी, लव्हाळ्यातला दिवस, चौदावा मजला, सगळं तिथंच उभ्याउभ्या सांगून टाकलं. सगळ्यांनी दुर्बिणी वर केल्या. जाकीट अजून ओलं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.