खळ्यावरची लाल गाडी

तेजरामनं जन्मभर तिरोडीच्या खाणीचे ट्रक दुरुस्त केले होते. बटण दाबलं की बॉनेटमधून वर उठणारे दिवे त्यानं नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा पाहिले. त्याचा तरुण दोस्त अश्विन मामाची लाल स्पोर्ट्स कार घेऊन लालबर्र्याला त्याच्या घरी आला होता. दुसऱ्या दिवशी अश्विनची बहीण ज्योत्स्ना त्याच गाडीतून सासरी निघणार होती, आणि डावा दिवा आभाळाकडे बघत होता.

"काका, काण्या गाडीतून नवरी पाठवू का?"

तेजरामनं अंगणात तांब्याभर पाणी ओतलं. ते थेट विहिरीकडे पळालं.

"वाकड्या जमिनीवर दिवा सरळ कसा बसन?"

सपाट जागा एकच होती. धानाच्या मळणीसाठी त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनं, कालच शेणानं सारवलेलं खळं. तिथं चपला घालून कोणी पाय ठेवत नसे. तेजरामनं बायकोकडे चोरून पाहिलं.

"हौ, आणा," ती म्हणाली. "पन आधी तिचे पाय धुवा."

एम.ए. झालेल्या अश्विननं चारही चाकं धुतली. तेजराम अनवाणी खळ्यावर गेला. समोरच्या भिंतीवर त्यानं कोळशानं आडवी रेघ ओढली आणि डाव्या दिव्याचा स्क्रू तीळ-तीळ फिरवला. सांज झाली तेव्हा दोन्ही उजेड रेघेवर शेजारी शेजारी बसले होते.

दुसऱ्या संध्याकाळी गाडी लालबर्र्यावरून गेली. सगळे नवरीकडे बघत होते, तेजराम दिव्यांकडे.

बहिणीचं लग्न आठवलं की अश्विनला अजूनही आधी खळ्यावरच्या ओल्या शेणाचा वास येतो.