निंबाखालची पंगत

‘‘ए, तू. तू ऊठ.’’

पानावर भात वाढून झाला होता. वरण यायचं होतं. मी हात जोडून श्लोक सुरू व्हायची वाट बघत होते. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणतायत. मान खालीच ठेवली.

‘‘तुलाच सांगतोय. त्या तबलेवाल्याची ना तू? ऊठ.’’

मी दहा वर्षांची होते. गाव धार. मराठी मंडळींचा गणपती. त्याच सकाळी पाठांतराच्या स्पर्धेत मी पहिली आले होते. बक्षीस देणाऱ्या बाईंनी माझ्या गालाला हात लावून म्हटलं होतं, ‘‘किती स्वच्छ उच्चार गं!’’ त्याच बाई आता वरणाचं पातेलं घेऊन समोर उभ्या होत्या. पळी भरलेली. ती माझ्या पानावर यायची थांबली आणि पुढच्या पानावर गेली.

शेजारी माझ्या वर्गातली मैत्रीण बसली होती. तिनं आपलं पान जरासं स्वतःकडे ओढून घेतलं.

आम्ही चांभार. धारच्या राजांच्या फौजेबरोबर खोगिरं शिवत आमचे लोक महाराष्ट्रातून इकडे माळव्यात आले. पुढे फौज गेली, घोडे गेले. वडील तबले आणि ढोलक्या मढवायचे. त्या गणपतीच्या आरतीचा तबला वडिलांनीच मढवलेला. ते दाराबाहेर, चपलांच्या बाजूला उभे होते. आतला आवाज ऐकून त्यांनी डोकावलं. मला पाहिलं. हात जोडले.

‘‘पोर आहे साहेब. चुकून बसली.’’

मी चुकून बसले नव्हते. ‘स्पर्धेतली सगळी मुलं इकडे या’ असं ओरडून आम्हाला बसवलं होतं. मी स्पर्धेतलीच होते. पण वडील ‘चुकून’ म्हणाले आणि मी उठले. मला कुणी धरलं नाही, ओढलं नाही. एका शब्दावर उठले.

घराच्या वळणावर वडील म्हणाले, ‘‘आईला सांगू नको.’’ मी सांगितलं नाही. आई गेली, वडील गेले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. पन्नास वर्षं नाही.

माझं शिक्षण हिंदीत झालं. पगारपत्रकापासून पत्रापर्यंत सगळं मी हिंदीत लिहिते. हे मराठीत लिहितेय, कारण ‘ऊठ’ हा शब्द मी मराठीत ऐकला.

पुढे मी मास्तरीण झाले. नवरा देवासला एका कारखान्यात फिटर, बिऱ्हाड तिथंच. माझी नोकरी धार जिल्ह्यात. आठवडाभर मी माहेरच्या खोलीत राहायची आणि शनिवारी इंदूरवरून बस बदलून देवासला जायची. गेली अकरा वर्षं तिरल्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मुलगी देवासला वाढली, नर्स झाली, अमेरिकेत गेली. नवरा वारल्यावर ती मागे लागली. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले.

एका रविवारी ती म्हणाली, ‘‘आई, तुला एक म्युझियम दाखवते. काळ्या लोकांच्या लढाईचं. तुला अच्छा लगेगा.’’ तिची मराठी अशीच. अर्धी घरची, अर्धी देवासच्या शाळेची.

तिथं अंधार होता आणि गारवा होता. भिंतभर फोटो. बसमधल्या वेगळ्या सीटा. वेगळे दरवाजे. मुलगी इंग्रजी वाचायची आणि हलक्या आवाजात हिंदीत सांगायची. मी मान हलवत होते. मनात म्हणत होते, हे मला काय सांगतेस.

मग एक खोली आली. तिथं हॉटेलातल्यासारखं लांब टेबल होतं आणि पुढे गोल, उंच स्टुलं. मुलीनं सांगितलं, काळ्या पोरांना अशा ठिकाणी खायला देत नसत. मग ती पोरं जाऊन नुसती बसायची. शिव्या खायची, मार खायची, पण उठायची नाहीत. इथं आपण बसायचं, दोन्ही हात टेबलावर ठेवायचे, कानाला हेडफोन लावायचे. त्यांना जे ऐकावं लागलं ते ऐकू येतं.

‘‘आई, रहने दे. तुला त्रास होईल.’’

मी बसले.

आधी भांड्यांचा आवाज आला. मग कुणीतरी अगदी मानेजवळ बोलायला लागलं. पुरुषाचा आवाज. इंग्रजी. शब्द कळले नाहीत. सूर कळला. तो सूर मला पाठ होता. मग स्टुलाला मागून धक्का बसला. ते यंत्र होतं, स्टूल आपोआप हलत होतं, हे मला नंतर कळलं.

मी उठले होते. हेडफोन खाली लोंबत होते. माझे दोन्ही हात जोडलेले होते आणि मी मराठीत म्हणत होते, ‘‘चुकून बसले. चुकून बसले.’’

मुलीनं मला धरलं. बाजूच्या बाकावर बसवलं. पाणी दिलं. ‘‘क्या हुआ आई? काय म्हणत होतीस?’’

तिथं, त्या बाकावर, मी तिला सगळं सांगितलं. पळी, पान, मैत्रीण, हात जोडणारे माझे वडील. ती रडली. मी रडले नाही. माझं लक्ष समोरच्या भिंतीवर होतं.

त्या भिंतीवर तसल्याच टेबलाचा मोठा फोटो होता. पोरं-पोरी ताठ बसलेली. मागे गोऱ्यांचा घोळका. कुणी डोक्यावर साखर ओततोय, कुणी सॉस. सगळे हसतायत. आणि टेबलाच्या पलीकडे, कडेला, एक बाई. तिथली वाढपीण असावी. ती ओतत नव्हती. हसतही नव्हती. ती कप पुसत होती. मान खाली घालून कप पुसत होती.

मुलीनं माझी नजर पाहिली असावी. तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, ‘‘आई, एक विचारू? तुझ्या शाळेत... नीम के नीचेवाले बच्चे. ते अजून तिथंच बसतात?’’

मी फोटोवरून नजर काढली.

ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. सुट्टीत दोन दिवस माझ्याबरोबर शाळेत आली होती. मी त्या शाळेवर नवीनच होते. दुपारचं जेवण वाढताना तिनं पाहिलं की सगळी मुलं व्हरांड्यात टाटपट्टीवर, म्हणजे तागाच्या लांब पट्टीवर बसतात आणि काही मुलं घरून आणलेल्या थाळ्या घेऊन अंगणात, निंबाच्या झाडाखाली मातीवर बसतात. बलाई मोहल्ल्यातली, इकडे अस्पृश्य मानलेल्या जातीची मुलं. वाढणारी बाई त्यांच्या थाळीत वरून टाकायची. मुलीनं मला विचारलं होतं, ही मुलं तिकडे का? मी म्हटलं होतं, ‘‘त्यांना सावली आवडते.’’

तिला ते आठवत होतं. मी काय उत्तर दिलं तेही आठवत होतं.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘तिथंच बसतात.’’

तिनं पाण्याची बाटली पिशवीत टाकली. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

राहिलेले दिवस मी तिच्या घरात नीट जेवले नाही. डोळे मिटले की ती बाई दिसायची. कप पुसणारी. कधी तिला माझा चष्मा असायचा, कधी माझं खादीचं जाकीट. मला उठवणाऱ्याचा चेहरा पन्नास वर्षांत मी विसरले नव्हते. आता तो आठवेना. आठवायची ती मैत्रीण. पान ओढून घेणारी. आणि मला कळत होतं की अकरा वर्षं रोज दुपारी, ऑफिसच्या खिडकीत बसून, डबा उघडून, मी तेच केलं.

का केलं, तेही सांगते. गावाला माझी जात ठाऊक होती. तरी मला खुर्ची होती, ‘मैडम’ होतं, चहा कपात यायचा. तो कप वेगळा ठेवलेला असायचा, खिडकीच्या कोनाड्यात. मी कधी विचारलं नाही. त्यांनी मला निभावून घ्यायचं, मी निंबाखाली बघायचं नाही. असं आमचं ठरलं होतं. न बोलता.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्या दिवशी मी दोन टाटपट्ट्या एकमेकींना जोडून व्हरांड्यात टाकल्या आणि अंगणात जाऊन हाक मारली. ‘‘चलो, सब ऊपर.’’

कुणी हललं नाही. निंबाखालची मुलं थाळ्या छातीशी धरून उभी राहिली. चौथीतली एक मुलगी, अंगानं किरकोळ, दोन वेण्या, हळू म्हणाली, ‘‘नी मैडम. मारेंगे.’’

‘‘कौन मारेगा?’’

ती माझ्याकडे बघत राहिली. मला खरंच माहीत नाही का, असं.

मी स्वतः जाऊन टाटपट्टीवर मधोमध बसले. शेजारच्या जागेवर हात ठेवला. ती मुलगी आली. बसली. तिच्यामागून आणखी दोघी. तेवढ्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाची मुलं उठायला लागली. थाळ्या घेऊन पायऱ्या उतरली आणि फाटकातून बाहेर. स्वयंपाकाच्या बाईनं पळी पातेल्यात ठेवली. ‘‘मैडम, म्हारे से नी होयगो,’’ म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी पळी घेतली.

अकरा वर्षांत मी ती पळी कधी हातात धरली नव्हती. का धरली नव्हती, हे मला माहीत होतं. माझ्या हातचं कोण खाईल, ही भीती होती. मी वाढत गेले. टाटपट्टीवर उरलेल्यांपैकी काहींनी थाळीवर हात आडवा धरला. सात-आठ वर्षांची मुलं. चेहऱ्यावर राग नव्हता. घरी जसं शिकवलं तसा हात धरला. मी पुढे गेले. ज्यांनी थाळी पुढे केली त्यांना वाढलं. त्या तिघींना वाढलं. मग स्वतःला घेतलं आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटेल आले. गावातलं मोठं माणूस, व्हरांड्यातून उठून गेलेल्यांपैकी काही मुलांचे आजोबा. खुर्चीवर बसले, नीट बोलले.

‘‘मैडम, हमने आपकी इज्जत करी कि नी करी?’’

‘‘करी.’’

‘‘आपको कभी कुछ बोला?’’

‘‘नहीं.’’

‘‘तो फिर? दो साल बचे हैं आपके. जैसो चली रियो है, चलवा दो.’’

मी कोनाड्यातला तो कप उचलला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. ‘‘ये कप किसका है, पटेल साब?’’

त्यांनी कपाकडे पाहिलं. मग उठले. दारातून म्हणाले, ‘‘अमेरिका से हवा लगा के आ गई हो.’’

संध्याकाळी शाळा सुटताना त्या चौथीतल्या मुलीची आई फाटकाशी उभी होती. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. मला वाटलं, ती काही चांगलं बोलेल. असं वाटणं माझंच.

‘‘मैडम, छोरी के बाप को आज मजूरी पे नी लिया. आप तो चली जाओगी. हम कां जावां?’’

ती उत्तराला थांबली नाही. मुलीचा हात धरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली, पण जेवणाच्या वेळी घरी पळाली. बाकीचीही जेवायला घरी गेली. व्हरांड्यात मी आणि उरलेल्या दोघी.

त्या आठवड्यात शाळेतून आले की मी धारच्या खोलीत नुसती बसायची. बसले की उठायची. पुन्हा बसायची. वडील डोळ्यांसमोर यायचे, हात जोडलेले. मी आयुष्यभर त्यांच्यावर रागावले होते. त्यांच्यामागे पाच पोटं होती, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच लोकांचे तबले मढवायचे होते. माझ्यामागे कोण होतं? पक्की नोकरी. पेन्शन. तरी मी अकरा वर्षं गप्प. त्यांना माफ करायला मी निघाले होते. आधी माफी मागायची पाळी माझीच होती.

मग मी अर्ज लिहिला. ब्लॉकच्या शिक्षणाधिकारी साहेबांना, त्याची नक्कल जिल्ह्याला. काय चालतं ते लिहिलं. मुलं कुठं बसतात, कोण वाढत नाही, कुणाची मजुरी बंद झाली. आणि शेवटी लिहिलं, ‘मैंने ग्यारह वर्ष यह देखा और होने दिया.’ ऑफिसातल्या बाबूनं वाचलं. म्हणाला, ‘‘मैडम, ये आखरी लाइन काट दो. आप ही फँसोगी.’’

‘‘राहू द्या,’’ मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

आता चौकशी बसली आहे. माझ्यावरही, गावावरही. साहेबांचा फोन येतो, अर्ज मागे घ्या, शांततेत रिटायर व्हा. मुलगी म्हणते, ‘‘आई, इकडे निघून ये.’’ मी तिला सांगितलं, यायचं नाही.

जुलैत मी बलाई मोहल्ल्यात खोली घेतली. पत्र्याची आहे, दुपारी तापते. पहिले आठ दिवस शेजारचं कुणीही माझ्याशी बोललं नाही. त्यांचं बरोबर आहे. अकरा वर्षं मी त्यांच्या पोरांकडे पाठ करून जेवले, एका महिन्यात त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा? त्या चौथीतल्या मुलीच्या बापाला घेऊन मी तिरल्याला ठाण्यात गेले. मजुरी बंद केल्याची तक्रार घेतली नाही. दुसऱ्यांदा गेलो. तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा धारला वरच्या साहेबांकडे गेलो, तेव्हा घेतली.

बदली होईल. देवास जिल्ह्यात, बागलीकडे कुठं टाकतील, असं ऐकते. होऊ दे. नोकरीला तिकडे जाईन, शनिवारी राहायला इथंच येईन. आणि ज्या शाळेवर टाकतील तिथं पोचल्यावर खुर्चीवर बसायच्या आधी एकच गोष्ट विचारणार: मुलं जेवायला कुठं बसतात, मला दाखवा. दाखवली नाहीत तर मी स्वतः शोधीन.