चटक्याची वाट पाहताना

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "टोचलं की सांगा."

मी मिटून बसलो. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. बराच वेळ गेल्यावर म्हणालो, "करा की सुरू."

"झालंसुद्धा. तिन्ही बोटांना टोचून झालं."

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. दौंडच्या घरी खिडकीला काच बसवताना ती निसटली आणि माझ्या उजव्या मनगटात घुसली. गावातल्या दवाखान्यात रक्त थांबवून मला पुण्याला धाडलं. निदान निघालं, मीडियन नर्व्ह तुटली. म्हणजे अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांची जाणीव वाहून नेणारी नस. ऑपरेशन करून ती शिवली.

मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. पाइप जोडला की पाणी आलंच पाहिजे, एवढंच माझं शास्त्र. टाके निघाले तरी बोटं मेलेलीच, तेव्हा मी डॉक्टरांवर चिडलो.

ते शांत होते. "आम्ही वरचं आवरण शिवलं. आतला धागा नव्यानं वाढायचाय. त्याची पेशी हातात नसते, मानेच्या मणक्याशेजारी असते. नस तुटल्याची खबर तिथं पोचली की तिचं जीन एक्स्प्रेशन बदलतं."

हे मी तीनदा विचारून घेतलं. पेशीजवळ सगळ्या कामांच्या सूचना असतात, पण रोज ती थोड्याच वापरते. नस तुटली की नेहमीच्या काही सूचना ती मिटते आणि आईच्या पोटात नस वाढवताना वापरलेल्या काही पुन्हा उघडते.

"वाढेल, पण सावकाश," डॉक्टर म्हणाले. "सगळं परत येईल, असं मी सांगत नाही."

मग त्या लांबलचक दुपारी सुरू झाल्या. हात उशीवर ठेवून मी पडायचो. मानेजवळची ती पेशी पुन्हा जन्माआधीची झाली आहे, तिला मी, दौंड, कंपनी, काहीच ठाऊक नाही, असं वाटायचं. डोळा लागला की मी आईच्या पोटात असायचो. ती मांडवगण फराट्याच्या शेतात कांदे काढत असायची आणि तिचं बोलणं मला पाण्यातून ऐकू यायचं. बरं वाटायचं. मग मनगटाला चादर घासायची आणि करंट बसल्यासारखा मी उठायचो. बदललेली पेशी विनाकारणही ओरडते, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तुम्हालाही असं झालं तर घाबरू नका.

चुलीपासून मात्र जपा. माझी बायको सुनंदा सकाळी शाळेत शिकवायला जाते, म्हणून आमच्या घरी भाकऱ्या माझ्याकडे. हात चालायला लागल्यावर मी हौसेनं तवा चढवला.

"अवं, वास कसला येतोय?" सुनंदानं विचारलं.

"भाकरी करपली असंल."

"भाकरी न्हाई. बोट बघा तुमचं."

अंगठ्याशेजारचं पहिलं बोट तव्याला टेकलेलं होतं. मला काहीच कळलं नव्हतं. त्या दिवशी मी खरा भ्यालो. हा हात आता नुसता लोंबता राहणार, असं वाटलं आणि रडलो. सुनंदानं तवा काढून घेतला.

पुढं कितीतरी महिने मी डोळे मिटून ज्वारी, कापूस, किल्ली चाचपत बसलो. सगळं सारखंच लागायचं. मनगटावर टिचकी मारली की उठणाऱ्या मुंग्या तेवढ्या हळूहळू तळहाताकडे सरकत होत्या; धागा वाढत असल्याची तीच खूण, असं डॉक्टर म्हणायचे.

एका रविवारी सुनंदा पीठ मळत होती. तव्यावरची भाकरी फुगली आणि जुन्या सवयीनं मी ती बोटांनी उलटली.

"आई गं."

"काय झालं?"

"भाजलं."

ती नेहमी पाणी आणायला धावते. त्या दिवशी पिठाचे हात तसेच घेऊन समोर येऊन बसली. "लई भाजलं?"

"लई."

तिनं माझं पहिलं बोट धरलं आणि त्यावर फुंकर घातली. गार लागलं ते मधल्या बोटाला. धागे वाढताना पत्ता चुकतात, हेही डॉक्टर बोलले होते. मला चालणार होतं. तव्यावरची भाकरी करपत होती आणि आम्ही दोघंही उठलो नाही.

"अजून घाल," मी म्हणालो.