सानिकाच्या कॉम्प्युटरमधली पुडीभर धूळ

मित्रांनो, आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

डिलाईल रोडला आमच्या शेजारची सानिका आर्किटेक्चर शिकते. सुटे भाग आणून तिने यंदाच स्वतः कॉम्प्युटर जोडलाय. उद्या कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचंय आणि मशीन तापून सारखं बंद पडतंय. दुकानदाराने झाकण न उघडताच फर्मावलं, "नुसत्या पंख्यांनी भागणार नाही, पाण्यावर चालणारं लिक्विड कूलिंग टाकावंच लागेल, मॅडम."

तिची आई कडाडली, "आमका साधो कूलर नाय, नि ह्या डब्याक थंड पाणी व्हया?"

मी म्हटलं, "सानिका, आधी उघड ते."

उघडलं आणि किळस आली. पंख्यांवर, जाळीवर राखाडी थर, नखाने खरवडावा इतका. ही घरातली धूळ नव्हे. समोर जुन्या गिरणीच्या जागेवर धूळ अडवणारं हिरवं कापडसुद्धा न लावता टॉवर उभा राहतोय, त्याचं हे सिमेंट.

ब्रशने सगळं साफ केलं. पंखे तेच, तरी मशीन तेव्हापासून अखंड चालतंय.

"काका, नवीन मशीनमध्ये एवढी धूळ?" सानिका विचारत होती आणि आत तिची आई खोकत होती. गेले कित्येक महिने खोकतेय.

कॉम्प्युटरला जादा कूलिंग लागतं का, असं या ग्रुपवर नेहमी विचारता ना? आधी झाकण उघडून साफ करा, बहुतेकांना लागत नाही. पण माणसाच्या छातीला झाकण नसतं. त्या बिल्डरची शिसारी येतेच, खिडक्या लावून गप्प बसलेल्या आपल्या सगळ्यांची जास्त येते.

ती धूळ मी पुडीत बांधून ठेवलीय. उद्या सकाळी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात साहेबांच्या टेबलावर ओतणार आहे. कोण येतंय सोबत?