दाभणाने शिवलेली कादंबरी

मशीनला तेलाचे थेंब घालून, फडक्याने पुसून झालं, की मावशी खालचा खण उघडायच्या. कादंबरी काढून उभ्याउभ्याच एखादं पान वाचायच्या, एकदा मोकळं हसायच्या आणि मगच पहिली चादर ओढायच्या. त्या हसल्याशिवाय शिवणखोलीत काम सुरू झालं असं कुणाला वाटायचंच नाही.

खोली इस्पितळाच्या धुलाई विभागाच्या टोकाला होती. विटलेल्या, विरलेल्या चादरी तिथे येत आणि मावशी त्यांना ठिगळं लावून परत खाटांवर धाडत. समोर इस्त्रीवालीचं टेबल, भिंतीपलीकडे बॉयलर. थंडीत त्या भिंतीला पाठ टेकून बसावंसं वाटे, उन्हाळ्यात तिच्याकडे बघवत नसे.

कादंबरीही चादरींच्या गाठोड्यातूनच आली होती, बरं होऊन घरी गेलेल्या कुणा रुग्णाची. कणा मोडून तिचे तीन तुकडे झाले होते. बरेच दिवस कुणी मागायला आलं नाही, तेव्हा मावशींनी दाभण घेतलं आणि जाड दोऱ्याने ती पक्की शिवून टाकली. चादरीला सुलट-उलट असतं, आधीचं-नंतरचं नसतं. अक्षरं सुलटी आहेत ना, एवढंच त्यांनी पाहिलं.

गोष्ट एका लहानशा गावातली होती. घड्याळं दुरुस्त करणारा एक लाजाळू माणूस आणि टपाल कचेरीच्या खिडकीवरची एक फटकळ बाई. मध्यावरच दोघांचं थाटात लग्न होतं. पुढच्या पानावर बायको खिडकीतून नवऱ्याला विचारते, ‘नाव काय आपलं?’ आणि तो घाम पुसत नाव सांगतो. मग तिचं दर्शन व्हावं म्हणून तो स्वतःच्याच पत्त्यावर रिकामी पाकिटं पाठवत रांगेत उभा राहतो आणि सगळा गाव त्याची चेष्टा करतो. इथे आल्या की मावशींना हसू आवरायचं नाही. “लिहिणारा महाबिलंदर आहे गं,” त्या इस्त्रीवालीला सांगायच्या. “लग्नाची बायको, आणि हा रांगेत उभा!”

“माझा नवरा घरात असून हाक मारली तर येत नाही,” इस्त्रीवाली म्हणायची, “आणि म्हणे रांगेत!”

पुस्तक मावशींनी घरी कधी नेलं नाही. आधी आईचं दुखणं, मग वडिलांचं, मग भावाची मुलं, असं एकातून एक निघत गेलं आणि त्यांचं लग्न राहूनच गेलं. पुढे घरात तो विषय कुणी काढला नाही. काढणाऱ्यालाच स्वयंपाक करावा लागला असता. कामावरून येऊन त्या जरा टेकल्या, की आतून वहिनीचा आवाज यायचा, “वन्सं, रिकाम्याच आहात ना?” रिकाम्या नसायच्या, नुसत्या दमलेल्या असायच्या. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

बॉयलर सांभाळणारे गृहस्थ विधुर होते. सगळे त्यांना बॉयलरभाऊ म्हणत. एका दुपारी चादरींचं गाठोडं दारात ठेवून ते म्हणाले, “मी काय म्हणतो, आपण लग्न करू या का?” वाफेचा दाब सांगावा तसा आवाज होता.

“दोरा संपलाय,” मावशी म्हणाल्या आणि उठून भांडारात गेल्या. मशीनवरचं रीळ नवंकोरं होतं.

त्यानंतर पंचाईत झाली. इतकी वर्षं भाऊ म्हणून हाक मारली होती, ती आता ओठांवर येईना. दुसरी कुठली सुचेना. “इकडे ठेवा,” “ऐकलं का,” असं बिननावाचं बोलणं सुरू झालं. इस्त्रीवालीच्या नजरेतून ते कसं सुटणार?

“भाऊ म्हणायचं का सोडलंत, मावशी?”

“घसा बसलाय.”

“तेवढ्या एका शब्दापुरता?”

बॉयलरभाऊंनी उत्तराचा तगादा लावला नाही. फक्त एकदा कादंबरी मागितली. “तुम्ही कशाला हसता ते बघतो,” म्हणाले. मावशींनी दिली, आणि पुढचे कितीतरी दिवस न हसताच चादरी ओढल्या. घरी त्या उत्तराची चिंता उशाशी असायची. नाही म्हणायला काही कारण नव्हतं, पण हो म्हणायला अंगात बळ नव्हतं. आणखी एक घर, आणखी एक माणूस, त्याचा डबा, त्याचं दुखणंखुपणं. इथे निदान कुठलं भांडं कुठे असतं ते ठाऊक होतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते पुस्तक घेऊन आले. चेहरा गंभीर.

“आवडली नाही वाटतं?” मावशींनी विचारलं.

“त्या बिचाऱ्याला गावात कुणी समजावून सांगत का नाही?” ते म्हणाले. मग जरा घुटमळत, “एक सांगू? पानांचे आकडे बघितलेत कधी? शेवटचा तुकडा मध्ये शिवलाय तुम्ही. लग्न अगदी शेवटी आहे.”

मावशींनी पुस्तक घेतलं, आकडे पाहिले. खरंच होतं. म्हणजे लिहिणारा बिलंदर वगैरे काही नव्हता. आधी ओळख, मग पाकिटं, मग रुसवे, मग लग्न, जगात चालतं तसंच सगळं होतं. इतकी वर्षं आपण हसत होतो ते आपल्याच चुकीला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

“उसवून नीट लावू का?” बॉयलरभाऊंनी विचारलं. “मी आकड्यांच्या ओळीनेसुद्धा वाचून बघितली. पण तुमची बरी आहे. लग्नाआधी रांगेत कुणीही उभा राहतो. त्यात काय मोठंसं?”

मावशी बराच वेळ दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“मी फार दमलेय हो,” शेवटी त्या म्हणाल्या. “आता कुणाचं काही करणं माझ्याच्याने होणार नाही.”

“मी करून घ्यायला विचारलंच नाही. दमलेल्या माणसाने बसायचं असतं. बसा की.”

“आणि स्वयंपाक?”

“येतो मला. चांगला येत नाही.”

मावशींना हसू आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी लग्नाचं सांगितलं. वहिनी हातातलं काम टाकून म्हणाली, “अगंबाई, या वयात? आणि मुलांचे डबे?” भावाने वर्तमानपत्र खाली केलं नाही. मावशींनी त्या रात्रीचा स्वयंपाक नेहमीसारखा केला, ओटा पुसला आणि पिशवी भरायला घेतली.

इस्पितळामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार फार वर्षं चालला नाही, पण चालला तोवर बरा चालला. सुरुवातीला दाराची कडी वाजली की मावशी दचकून उभ्या राहायच्या, कुणी काम घेऊन आलं असेल म्हणून. ‘अहो’ म्हणायला त्यांना सहा महिने लागले. भाजी कधी करपायची, कधी अळणी व्हायची, तीही त्या बसून खायच्या. थकवा मात्र गेला नाही. तो हाडांत मुरला होता. फक्त त्याला आता टेकायला खाट मिळाली होती.

आयुष्यातल्या शेवटच्या दुपारी त्या जेवून उठल्या, ताट तिथेच राहू दिलं आणि खाटेवर आडव्या झाल्या. बॉयलरभाऊंनी पांघरूण घालत विचारलं, “काही हवंय?”

“काही नको,” मावशी कुशीवर वळत म्हणाल्या. “दार वाजलं तर तुम्हीच बघा. मी झोपलेय म्हणून सांगा.”